डाव्या कोपऱ्यातला गडी

मैदानाकाठच्या ओट्यावर हिराजीने खडूने कबड्डीचे सात गडी लिहिले. शेजारी काथोडने आपले सात लिहिले. गावातल्या जुन्या गड्यांचे संघ मनातच खेळवायचे आणि दहा सामन्यांत कोण किती जिंकेल ते ठरवायचं, हा दोघा म्हाताऱ्यांचा रोजचा उद्योग.

“माझे सहा, तुझे चार,” काथोड म्हणाला. “डाव्या कोपऱ्यात तो सुस्त शिरप्या घेतल्यावर दुसरं काय होणार! तुझा भाऊ पदाजी घे की.”

“त्याचं नाव काढू नकोस.”

जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या चढाईला, हातात हात धरलेल्या दोघा भावांची साखळी तुटली, समोरचा गडी निसटला आणि एका गुणाने ढाल गेली. पदाजीने हात सोडला, असं हिराजीने गावभर सांगितलं. त्याला चाळीस वर्षं झाली. भाऊ अजून बोलत नाहीत.

काथोडने स्वतःच पदाजीचं नाव लिहिलं. “आता तुझे पाच. पकड भक्कम, पण ऐन वेळी हात सोडणारा माणूस. त्याचे दोन कापले.”

हिराजीने त्या नावावर बोट ठेवलं. “कापू नकोस. सात लिही.”

“का?”

“हात मी सोडला होता.”

काथोडने खडू खाली ठेवला. “लेका, हे मला सांगून काय उपयोग?”

हिराजीने चपला घातल्या. “चल, तूही ये.”

“मी कशाला? साखळी तुमची दोघांची.”

हिराजी एकटाच भावाच्या दाराशी गेला आणि त्याने कडी वाजवली.