साडेसदतीसच्या वर

पाळणाघराच्या दारातच थर्मामीटरने सदतीस पॉइंट सहा अंश सेल्सिअस ताप दाखवला.

"इत्सुकीची आई, साडेसदतीसच्या वर नाही हो घेता येत," ताई ओशाळून म्हणाल्या.

"अहो, सायकलवर उन्हातून आलाय, म्हणून अंग तापलंय!" चिनात्सुने हसत विनवलं. ताईंनी नकारार्थी मान हलवली.

चिनात्सुच्या नर्सिंगच्या शेवटच्या प्रॅक्टिकलचा आज शेवटचा दिवस होता. खाडा झाला तर अख्खं वर्ष पुन्हा! घरात मायलेक दोघंच. मात्सुए शहरात आजारी मुलांना सांभाळणारं पाळणाघर एकच होतं. तिने तिथे फोन लावला.

"जागा आहे का हो, संध्याकाळपर्यंत?"

"आहे की! चारही पलंग रिकामे आहेत. पण आठवडाभर बंदच ठेवलंय आम्ही."

"का हो?"

 

"नर्सच मिळत नाहीये."