चालू इंजिनाचं माप

सून ट्रकखाली उताणी पडली होती, बाहेर फक्त तिचे बूट दिसत होते. शेजारी उपड्या बादलीवर तिचा सासरा बसला होता, डावा पाय समोर पसरून. अपघातानंतर तो पाय गुडघ्यात वाकतच नव्हता, त्यामुळे क्लचची गाडी त्याच्यासाठी कायमची संपली होती. आपोआप गिअर बदलणारा हा एकच जुना डिझेल ट्रक त्याला चालवता येत होता. आता तोही रुसला होता. चढावर इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी जागची हलायची नाही.

गिअरबॉक्स गेला, असं दोन मिस्त्र्यांनी बघून सांगितलं होतं. मुलगा म्हणाला होता, नाकापेक्षा मोती जड झालाय बाबा, भंगारात घाला आणि घरी आरामात बसा. त्या 'आरामात बसा'नेच म्हाताऱ्याची झोप उडाली होती. सुनेने मात्र कुणाचीच बाजू घेतली नाही. गॅरेज तिचं होतं. गिअरबॉक्सच्या तळाचं चेंबर खोलून बघू, एवढंच ती म्हणाली. तळाशी लोखंडाचे तुकडे निघाले तर मिस्त्री म्हणतात तेच खरं.

शेवटचे बोल्ट सैल झाले तसं ऑइल खालच्या ट्रेमध्ये पडू लागलं. लालभडक असायला हवं होतं, ते उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखं दिसत होतं. म्हाताऱ्याचा जीव टांगणीला लागला आणि तो अखंड बोलत सुटला. कुठला घाट किती वाईट, कुठल्या ढाब्यावरचा कुत्रा किती शहाणा. घाबरला की तो असाच बोलायचा. सुनेला हे ठाऊक होतं, म्हणून ती मधूनमधून हुंकार देत राहिली.

मग ती चेंबर छातीवर धरून सरकत बाहेर आली. तळाच्या चुंबकावर करडा लगदा साचला होता. म्हाताऱ्याने तोंड फिरवलं आणि तो भिंतीवर टांगलेले पाने बघायला लागला.

"बाबा, हात द्या इकडे." तिने चिमूटभर लगदा त्याच्या बोटांवर ठेवला. "चोळून बघा. काही टोचतंय?"

त्याने चोळला. पुन्हा चोळला. काजळासारखा मऊ होता.

"नाही गं."

"मग ही रोजची झीज आहे. एवढ्या वर्षांत एवढी व्हायचीच."

तो मोकळं हसायच्या बेतात होता, पण तिची नजर ट्रेवर खिळली होती. निघालं ते ऑइल फारच थोडं होतं. चेंबरचं पॅकिंग कुजून थेंब थेंब गळत होतं, हेही तिने दाखवलं. तुम्ही ऑइलचं माप बघत नव्हता का, असं तिने विचारलं आणि म्हातारा चिडलाच. रोज पहाटे, गाडी सुरू करायच्या आधी, मापाची पट्टी पुसून बघत होता तो. रोज खुणेपर्यंत भरलेलं असायचं.

"सुरू करायच्या आधी?"

"मग काय चालू इंजिनात बघतात?"

"याचं चालू इंजिनातच बघतात, बाबा. गाडी चांगली तापल्यावर. बंद असली की वरचं ऑइल खाली उतरतं आणि कमी असलं तरी भरलेलं दिसतं. आणि ऑइल कमी पडलं की गिअर पकडतच नाही."

उभा जन्म क्लचच्या गाड्यांवर गेलेला, सवय हातात मुरलेली. त्याच्या हातून गाडी उपाशी राहिली होती, तीही रोज न चुकता काळजी घेऊन. म्हातारा शरमून खाली बघत राहिला. सून गालात हसली. म्हणाली, त्या दोघा मिस्त्र्यांनीही बंद गाडीतच पट्टी ओढली असणार, तुम्ही एकटे नाही.

नवा फिल्टर बसला, नवं पॅकिंग बसलं, चेंबर वर चढलं. सुनेने नवं लाल ऑइल ओतलं, चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि सासऱ्याला वर बसायला सांगितलं. त्याने केबिनच्या खांबाला धरून पाय आत ओढून घेतला. इंजिन तापू दिलं. मग उजवा पाय ब्रेकवर दाबून त्याने तिने सांगितल्याप्रमाणे दांडा एकेका गिअरवर सावकाश फिरवला. ती बाजूला उभी राहून पट्टी बघत होती, थोडं थोडं ऑइल वाढवत होती. शेवटी तिने पट्टी पुसून जागेवर घातली, बॉनेट लावलं, ठोकळे काढले आणि लांब जाऊन उभी राहिली.

त्याने दांडा पुढच्या गिअरवर घेतला. गेले कित्येक दिवस त्यानंतर गिअर पकडायला शर्टाचं बटण लावून व्हावं इतका वेळ जायचा. आता गाडीने लगेच पकडलं. अख्खा ट्रक त्याच्या ब्रेकवरच्या पायाशी ओढ घेऊ लागला.

"बाबा, ब्रेक सोडा की," सून बाहेरून म्हणाली.

"सोडतो," तो म्हणाला. "जरा ओढू दे तिला."