नवा जन्म

कला माणसाला नवा जन्म देते. हे वाक्य व्यसनमुक्ती केंद्राच्या भिंतीवर बलभीमनं रंगवलं होतं. मजकूर संचालकांचा होता आणि रंग त्यांच्या घराच्या गेटला लावून उरलेला.

बलभीम ढोकीचा. उसाच्या ट्रॉल्यांवर मालकांच्या पोरांची नावं रंगवायचा. पुढं पुढं क्वार्टर पोटात गेल्याशिवाय ब्रश उचलेना. आणि गेल्यावर एकदा त्यानं मालकाच्या पोराऐवजी भावकीतल्या पोराचं नाव रंगवून ठेवलं. तिथून धंदा बसला.

केंद्रातल्या मॅडमनी त्याला स्वतःचं चित्र काढायला लावलं. रोज आरशात बघायचं आणि दिसेल ते रंगवायचं. पहिला महिनाभर आरशात कुणी ओळखीचं दिसेना. पाचव्या महिन्यात चित्र पुरं झालं. नीट भांग, स्वच्छ डोळे. दारू सुटली होती. आता फक्त घरी जायचं राहिलं होतं आणि केंद्राच्या नियमाप्रमाणे त्याला बायकोची सही लागत होती.

सोमवारी कडूबाई आली. बलभीम पिशवी भरून बसला होता. तिनं आधी चित्र बघितलं, बराच वेळ. लई झकास आलंय म्हणाली. घरात त्याचा एक धड फोटो नव्हता. आधार कार्डावरसुद्धा तो पिलेलाच होता.

मग तिनं सांगितलं, लेकीला, शिवांजलीला बघायला रविवारी लातूरचे पाव्हणे येणार आहेत. आधीची दोन ठिकाणं बापाचं नाव निघताच मोडली होती.

"म्हणून ह्या पाव्हण्यान्ला सांगितलंय, तुमी दोन सालामागं वारलाव."

बलभीम म्हणाला, "म्या आता पीत न्हाय."

"ठावं हाय की. पर त्यान्ला कसं पटवायचं? मेलेल्या माणसाची कुणी चौकशी करीत न्हाय."

भिंतीवर लावायला फोटो पाहिजे होता. त्यासाठी ती आली होती. सही तिनं केली नाही. लग्न झाल्यावर येऊ का, असं बलभीमनं विचारलं. एवढ्या लांबचा विचार तिनं केला नव्हता. पहिली दिवाळी होऊ द्या, म्हणाली.

बलभीमनं पिशवीतले कपडे काढून परत खाटेवर ठेवले. चित्र भिंतीला टेकवलं आणि लांब जाऊन बघितलं.

"गंधाबिगर गेलेला वाटंना," तो म्हणाला.

कडूबाईलाही ते पटलं. त्यानं बारका ब्रश घेतला, तांबड्या ऑइलपेंटमध्ये बुडवला आणि चित्रातल्या कपाळावर गंधाची उभी रेघ ओढली. सरळ, एका दमात. हार तेवढा प्लास्टिकचा आण, खरा रोज बदलावा लागतो, असंही सांगितलं. ती व्हय म्हणाली.

रंग लवकर वाळेना. एकची बस गेली. कडूबाई चारच्या बसनं गेली.