खडूची खूण
ट्रान्झिस्टर आल्यापासून गुंडोअण्णांच्या बळेपेटेतल्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानाकडे कुणी फिरकेना. गिऱ्हाइकांनी परत न नेलेले रेडिओ भंगारवाला हातगाडीवर चढवत होता. प्रत्येकाच्या काचेवर खडूची खूण होती. दुरुस्ती झाली की काटा मालकानं सोडला होता तिथंच परत आणायचा, हा अण्णांचा नेम. खूण नव्हती ती फक्त बायकोच्या रेडिओवर. त्याचा काटा कुणी हलवणारच नव्हतं. ती पुणे केंद्र शोधता शोधता, बटणावर हात असतानाच गेली. काटा दोन केंद्रांच्या मध्येच राहिला. तेव्हापासून रोज संध्याकाळी अण्णा त्या खरखरीत तिचा श्वास ऐकत. आताही ऐकत होते. "बिघडलाय की, अण्णा," म्हणत भंगारवाल्यानं बटण फिरवलं. स्वच्छ गाणं लागलं. "आता सरी झाला, नीट लागला." अण्णांनी काटा मागं आणला, पुढं नेला, पुन्हा मागं. खरखर आली, श्वास आला नाही. "हाही ने."