निम्मे हो, निम्मे नाही

"मावशी, आता तुमचं एकटीचंच मत राहिलंय," समितीचे अध्यक्ष म्हणाले.

"मावशी काय? मी तुमच्या आईची बहीण नाही. आणि एवढी घाई कसली? यंत्र काय उपाशी बसलंय?"

कोणी हसलं नाही. लोक तक्रारी सांगतात त्या सरकारी फोनवर माणसांऐवजी यंत्राने बोलावं का, याचा सल्ला आज सरकारला द्यायचा होता. समितीत सगळे शिकलेले. निम्मे हो म्हणाले, निम्मे नाही. ही सामान्य नागरिकांतर्फे आलेली, चौथी नापास, पण बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हती. पहिल्या बैठकीपासून तिचं एकच पालुपद, "ज्याला आई ना बाप, त्याला लोकांचं दुखणं काय कळणार?" यंत्राला बोली शिकवायची म्हणून सचिवाने सगळ्यांकडून घरच्यांनी आवाजात पाठवलेले जुने निरोप मागितले, तेव्हासुद्धा तिने कुरकुरतच आपला फोन त्याच्या हाती दिला होता.

तिच्या पिशवीतला फोन थरथरला. लेकीचा. ती उठून बाहेर गेली.

तीन वर्षं लेकीने तिचं तोंड पाहिलं नव्हतं. "तुझ्या जिभेला हाडच नाही, आई," म्हणत दार आपटून गेली ती गेलीच. महिन्यापूर्वी मात्र नव्या नंबरवरून तिचा फोन आला, मग रोजच यायला लागला. शब्दाला शब्द लावणारी पोर आता सगळं निमूट ऐकून घ्यायची. उशिरा का होईना, सुधारली म्हणायची.

"आई, हो म्हण ना."

"तुला गं काय पडलंय त्याचं?"

"माझ्यासाठी म्हण. आणि तिथून सरळ माझ्याकडे ये. पत्ता घे लिहून. मिटवून टाकू सगळं."

तिने पत्ता लिहून घेतला. आत येऊन तिने हात वर केला.

अध्यक्षांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "कमाल आहे. आम्हाला वाटलं, तुम्ही म्हणजे दगड."

"दगडालाही लेक असते," ती म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

लेकीच्या दारात तिने केस सारखे केले, घंटी वाजवली. दार उघडलं.

"तू? पत्ता कुणी दिला तुला?"

"अगं, असं काय करतेस? तूच तर फोनवर..."

"मी? तीन वर्षांत एक शब्द तरी बोललेय का तुझ्याशी?"

पिशवीतला फोन वाजला. सवयीने तिने तो कानाला लावला.

"आई," लेकीचा आवाज म्हणाला, "पोचलीस ना गं नीट?"