त्रिज्या तीन पावलं

वाघोलीच्या कॉलेजात रविराज सरांनी मजेशीर गृहपाठ दिला होता. कॉलेजचं फाटक म्हणजे शून्य, एक पाऊल म्हणजे एक एकक. आवारातल्या गोल वस्तूचं समीकरण विस्तारून आणायचं आणि वस्तू बाकीच्यांनी ओळखायची. कुणी टाकी आणली, कुणी कारंजं. चैतालीने फळ्यावर लिहिलं, x² + y² − 24x − 10y + 160 = 0.

मुलांनी पूर्ण वर्ग करून केंद्र काढलं. फाटकापासून उजवीकडे बारा पावलं, आत पाच. त्रिज्या तीन. पावलं मोजत सर स्वतः केंद्रावर जाऊन उभे राहिले. तिथे पेव्हिंग ब्लॉकवर सगळीकडे नुसती वाळकी पानं पसरली होती.

"चैतालीबाई, वर्तुळ घरीच विसरलात वाटतं."

"थांबा ना सर. रोज याच वेळेला दिसतं ते."

तेवढ्यात मथुरामावशी खराटा घेऊन आल्या. सरळ रेषेत झाडत येता येता त्या मधेच वळल्या आणि सरांभोवती संथपणे एक मोठी फेरी झाडून पुढे निघाल्या. मागे पानांचा एक रेखीव गोल उरला. गोलाच्या मधोमध सर.

"मावशी, मधलं राहिलं की!"

"मधी कसं जानार, सर?" मावशी सहज म्हणाल्या. "आमची जुनी विहीर हाय तिथं, या ब्लॉकांखाली."

सरांच्या तळपायांना खालून गारवा लागला. गोलाबाहेर चौथं पाऊल टेकेपर्यंत त्यांनी श्वास सोडला नाही.