घरचं पाणी

"बोल गणू, गावाची माफी मागतोस ना?" वरच्या आळीच्या हिराजीनं विचारलं.

गणूनं हात जोडले. देवळापुढच्या पटांगणात सगळी गावकी जमली होती. गणूच्या शेजारी त्याची बायको मालू पाण्यानं भरलेली कळशी आणि तांब्या घेऊन उभी होती. वाळीत टाकलेल्या घरचं पाणी गावानं घोट-घोट घेतलं की ते घर पुन्हा गावात, अशी रीत. आज हे पाणी गावाच्या घशाखाली उतरणं भाग होतं. मालूच्या लेकीचं, दिपाचं लग्न उरणकडे ठरलं होतं, आणि सोयऱ्यांनी तोंडावर सांगितलं होतं, तुमचं गाव मांडवात उभं राहिलं तर आमचा मुलगा बोहल्यावर चढेल, नाहीतर रामराम.

सगळ्यांत पुढे बसूनही महादेवाची मान खाली होती. तो गावकीचा मुख्य पंच, आणि मालूचा सख्खा भाऊ.

गणूचा गुन्हा तो काय? बांधाच्या भांडणात गावकीचा निवाडा झुगारून तो पनवेलला पोलिसांत गेला. झालं. गाव करी ते राव न करी! वाळीत टाकल्याचा हुकूम महादेवानंच आपल्या तोंडानं सुनावला. पुढे गणूची म्हातारी आई गेली तेव्हा खांदा द्यायला गावातून चिटपाखरू आलं नाही. कर्नाळ्याकडचे पाहुणे टेंपोतून आले, तेव्हा तिरडी उचलली. महादेव खिडकीआडून बघत होता. बहिणीचं घर हाकेच्या अंतरावर, पण या सगळ्या वर्षांत त्यानं एकदाही तिचा उंबरा ओलांडला नाही. भाऊबीज आली की तो मिठाची गुळणी धरून घरात बसायचा, आणि बायकोनं पुढे केलेलं ताट त्याला गोड लागत नसे. आपण भित्रे आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"माफ केलं," हिराजी म्हणाला. "आन गं पानी."

मालूनं तांब्या भरला. हिराजीनं हात पुढे केला, तोच खालच्या आळीचा कमलाकर उठला.

"पयला घोट तुमचा कसा? पयला मान खालच्या आळीचा हाय."

"कोनी सांगितलं?"

"माज्या आज्यानं."

झालं, ठिणगी पडली. पाण्यावरून गोष्ट पालखीच्या मानावर गेली, पालखीवरून सरकारनं घेतलेल्या जमिनींच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर, रस्त्याकडेचा प्लॉट कोणाच्या वशिल्यानं कोणाला मिळाला त्यावर. माणसं उभी राहिली, बाह्या सरसावल्या गेल्या. "तुमी आलात तर आमी नाय मांडवात," कमलाकर गरजला. मालूच्या हातातला तांब्या हिंदकळून तिचं लुगडं भिजलं. तिचं कोणाला काही पडलं नव्हतं.

महादेव बघत राहिला. गणूला वाळीत टाकायच्या आधी हे गाव असंच कुत्र्या-मांजरासारखं भांडत होतं. गणू बाहेर गेला आणि दोन्ही आळ्या एका पंगतीत बसू लागल्या. त्याला नावं ठेवताना सगळ्यांचा सूर कसा जुळायचा!

त्याची लेक प्रमिला पनवेलच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकत होती. परीक्षेसाठी ती सकाळीच ओट्यावर घोकत बसली होती, 'गुन्हा हा समाजाला उपयोगीही ठरतो. गुन्हेगाराला शिक्षा देताना बाकीचे एक होतात. गुन्हेगार उरला नाही तर समाज नवा शोधतो.' महादेव तेव्हा चहाची बशी खाली ठेवून हसला होता, "पोरी, हे शिकायला फी भरतो होय आमी?"

आता हसू येत नव्हतं. गाव एक व्हायचं तर कोणीतरी बाहेर हवा. गणू आत आला, जागा रिकामी झाली.

महादेव उठला. वाळीत पडलेल्या मामाला भाचीच्या मांडवात पाऊल टाकता येणार नव्हतं, तिचा हात धरून तिला बोहल्यापर्यंत नेता येणार नव्हतं. पण मांडवच पडला नाही तर मामा काय कामाचा?

"आयका," तो म्हणाला. "मी गावचा हुकूम मोडला. गणू वाळीत व्हता तवा मी मागल्या दारानं त्याच्या घरी जात व्हतो. जेवत व्हतो."

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. मग दोन्ही आळ्या एकदम उसळल्या.

"पंच असून?"

"आमाला शेंडी लावलीस?"

हिराजी आणि कमलाकर खांद्याला खांदा लावून उभे राहिले. एकानं 'थू' म्हटलं, दुसऱ्यानं 'शरम नाय' म्हटलं. बोलता बोलता कमलाकरनं मालूच्या हातून तांब्या घेतला, घोट घेतला आणि हिराजीकडे दिला. तांब्या पुढे फिरत गेला. पहिला मान कोणी घेतला याचं भान कोणालाच नव्हतं.

गणू चक्रावून बायकोकडे बघत होता. मिठागरावर त्याचे दिवस जायचे, घरी कोण येतं-जातं ते त्याला काय ठाऊक?

हिराजीनं मिशा पुसल्या. "मालू, देवासमोर सांग. तुजा भाऊस येत व्हता?"

खरं काय ते तिला एकटीला माहीत होतं. सगळी वर्षं जिच्याकडे पाठ फिरवली, तिच्यासमोर तो आता जेवल्याच्या बाता मारून उभा होता. धरणी फाटावी आणि आपण आत जावं असं त्याला झालं. ती 'नाय' म्हणाली असती तर त्याची सुटका होती, आणि दिपाचा मांडव मोडत होता.

मालूनं भावाकडे पाहिलं.

"येत व्हता," ती म्हणाली. "दर भाऊबीजेला मी मागलं दार उगडंच ठेवत व्हते."